येणे बाकी

एकतीस मार्च, रात्रीचे पावणेनऊ.
लेखा विभागात दोन पंखे आणि मी.
मेल आला : निधी मंजूर.
बाराच्या आत खर्ची टाका.
अवेळी पाहुणा यावा तसा हा पैसा,
गादी कुठं घालायची याला?

लेखाशीर्ष बघितलं. भांडवली.
म्हणजे थांबे बांधा, शेड घाला,
चकचकीत स्टीलचे बाक आणा.
डिझेलला हात लावायचा नाही.
दस्तगीर ड्रायव्हरचा जानेवारीचा पगार
महसुली, तो वेगळ्या देवाचा नैवेद्य.

चिखलीच्या फाट्यावर गेल्या साली असाच एक थांबा झाला.
वर साहेबांचं नाव, बसपेक्षा लांब.
उद्घाटनाला पेढे होते.
जूनमध्ये तिथली गाडी आम्ही बंद केली :
किलोमीटरमागं खर्च पंच्याहत्तर, उत्पन्न एकतीस.
टिपण माझ्याच अक्षरात आहे.
आता तिथं शेळ्या बसतात.
सावली बरी पडते म्हणे.

सुलाबाई आवळे खिडकीशी आल्या होत्या,
सीपीआरला रात्रपाळी करतात.
"पास संपायचाय अजून, सायब,
गाडी आधी संपली."
आता वडापात मांडीवर डबा घेऊन येतात.
सवलतीचा पास. अर्धा त्यांनी भरलाय,
उरलेला अर्धा शासनाकडून येणे.
तो मुंबईत कुठल्याशा मजल्यावर
या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय,
विनातिकीट.

सभेत एकानं टेबल आपटून विचारलं होतं,
ही गाडी कायम तोट्यातच कशी?
माझ्या ओठावर आलं होतं,
पंचगंगेवरच्या पुलानं आजवर किती कमावलं, साहेब?
पण मी लेखापाल.
तक्ता पुढं सरकवला आणि बसलो.

अकरापर्यंत चार नव्या थांब्यांची बिलं काढली.
त्यातला एक सुलाबाईंच्या गल्लीच्या तोंडाला.
सही करताना हात थांबला का? नाही.
हाताला सवय आहे.

कुलूप घातलं. रंकाळ्याकडची शेवटची गाडी मिळाली.
मला पास आहे, तरी तिकीट मागितलं,
का ते विचारू नका.
पंधरा झाले, मी वीस दिले.
सुट्टे न्हाईत, कंडक्टर पोरगी म्हणाली,
आणि तिकिटाच्या पाठीवर
पाचाचा आकडा काढून त्याला गोल केला.
उतरताना आठवणीनं मागा.

उतरताना मी विसरलो.
किंवा मागितलं नाही.
आमच्या वहीत दोन्हीला रकाना एकच.