किरकोळ

कॅलेंडरचं फाटलेलं पान, पाठीवर यादी:
तूरडाळ, ठगूबाईसोबत अर्धं पोतं, घाऊक भावात.
दादर आहे महिनाभर. उडीद आहे.
तेल घाण्यावरचं, डबा आपला न्यायचा.
साबण लिहून खोडलाय, माळ्यावर तीन निघाले.

यावलच्या बाजारात वांगी सकाळी घ्यावीत,
भरताची, हिरवी, देठाला काटे असलेली.
मेथी मात्र ऊन कलल्यावर,
बाई गोणपाट झटकायला लागली की
दहाच्या दोन जुड्या, वर कोथिंबीर.
पण दोनदा कोण येणार?
रिक्षाचे वीस रुपये मेथीपेक्षा महाग.
म्हणून मी एकदाच येते, साडेअकराला,
वांगी संपायच्या आत, मेथीचा भाव नरमताना.

आज यादी चाळीस मिनिटांत संपली.
पिशव्या पायांत धरून
रसवंतीच्या बाकावर बसले,
चरकाच्या घुंगरांजवळ.
एक ग्लास. आलं जास्त, बर्फ नको.
कुणी हाक मारली नाही.
एक रिक्षा जाऊ दिली.
मग अजून एक.

रात्री ह्यांनी वही पाहिली,
डाळ, तेल, वांगी, मेथी,
बोट खाली सरकत आलं.
"आणि हे पंधरा?"

किरकोळ, म्हटलं.