तपासनीस

एकतीस वर्षं मी नोटा तपासल्या
नाशिकरोडच्या छापखान्यात, ट्यूबलाइटखाली.
मोजायला दुसरी माणसं होती. माझं काम दोष शोधण्याचं:
पसरलेली शाई, सरकलेला आकडा, कागदाला पडलेली मुडप.
दिसला दोष की लाल पेन्सिल, एक तिरकी रेघ.
खोटी नोट मी उभ्या नोकरीत पाहिली नाही.
पाहिल्या त्या खऱ्याच. फक्त बिघडलेल्या.

बाहेर गणपतीचा मांडव उभा राहत होता
तेव्हा रिबकाच्या हातून चाळणी पडली.
उजवी बाजू गेली, आणि शब्दही गेले.
एकच शब्द उरला तिच्याकडे: नाही.
पाणी हवं, नाही. उशी वर घे, नाही.
मुलाचा दुबईहून फोन आला, नाही, नाही, नाही,
आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

जेल रोडच्या घरात मग सांत्वनं येऊ लागली,
थप्पीच्या थप्पी.
सोसवेल तेवढंच तो देतो. तिरकी रेघ.
यातही त्याची योजना असेल. तिरकी रेघ.
पाळक ओबेद भांबळ खुर्ची पुढे ओढून म्हणाले,
फळ यावं म्हणून माळी वेल छाटतोच ना, भाऊ?
मी दिंडोरीचा. बापाची दोन एकर बाग होती.
ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कापाकापातून पाणी ठिबकायचं,
आणि बाप मला बांधावर थोपवून धरायचा:
वेल रडतेय. आज तिच्याकडून काही मागायचं नाही.
हे मी पाळकांना बोललो नाही.
ते रिबकाच्या जिभेवर प्रभुभोजनाचा तुकडा ठेवत होते.
माझ्याकडे वळले, तर मी म्हणालो, माझी तयारी नाही.
निरभवणेबाईंचा डबाही मी तसाच परत धाडायचो,
झाकणसुद्धा न उघडता.

मग ती रात्र. तीनचा सुमार, वीज गेलेली.
दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठ सोलते.
बदलली. आणि पलंगाला टेकून फरशीवर बसलो.
प्रार्थना वगैरे नव्हती ती, हिशेब होता:
डायपर, गोळ्या, शनिवारचे फिजिओचे पैसे.
हिशेब मध्येच कुठेतरी फुटला,
आणि मी असा रडलो की सिन्नर फाट्याकडून आलेली मालगाडी
संपेपर्यंत मला ऐकूच आली नाही.

डोक्यावर हात पडला.
तिचा, डावा. जड, किंचित ओला.
फिजिओ म्हणालाच होता, काका, असे झटके येतात,
त्यात अर्थ शोधू नका.
सवयीने माझी बोटं खिशाकडे गेली, पेन्सिल चाचपायला.

तेव्हा आठवला आमच्या खात्यातला लाझरस उन्हवणे.
दिवे गेले की बाकीचे बिड्या ओढायला बाहेर पडायचे,
हा कागदावर अंगठा फिरवत बसायचा.
म्हणायचा, उठावाची छपाई अंधारातही उठलेलीच असते.

मी हललो नाही. मान अवघडली तरी नाही.
लहानपणी शरणपूरच्या देवळात
दृढीकरणाला बिशपचा हात डोक्यावर आला होता,
तेव्हा माझं सगळं लक्ष गुडघ्याखालच्या मुंगीकडे होतं.
आता मुंगी नव्हती.
अंधारात मी विचारलं, आहेस का?
कुणाला विचारलं, ते माझं मलाच ठरवता आलं नाही.
वरून आवाज आला, नाही.
पण असा, जसा लग्नानंतर चाळीस वर्षं
ती स्वयंपाकघरातून "हो, आले" म्हणायची.

काही बरं झालेलं नाही. हे लिहून ठेवतो.
कूस दोन तासांनीच बदलावी लागते,
आणि का, या प्रश्नावरची लाल रेघ मी पुसलेली नाही.
पण सकाळी डबा उघडला. पिठलं होतं, मीठ जरा जास्त.
सगळं खाल्लं.

रविवारी भांबळ पुन्हा आले.
आधी तिला दिलं. मग नुसतेच थांबले, काही न बोलता.
मी दोन्ही हात पुढे केले, डाव्यावर उजवा.
तुकड्याची एक कड तुटलेली होती.
मी पाहिली.
आणि घेतला.