मजबुती

लोक काउंटरवर कोपर टेकतात आणि विचारतात,
"दोन्या इर्मा, यातला सगळ्यात मजबूत कुठला?"
जणू मी स्थळं जुळवते.

मी आधी झाकण वाजवते, बोटाच्या पेराने,
बाजारात मडकं वाजवून घ्यावं तसं.
मग दोन कोपरे धरून जरासा पिळते.
कुरकुरला, तर पुढचं बोलणं हळू आवाजात.

खरं तर वालपराइसोत मी कोण परीक्षा घेणारी?
समुद्र घेतो. डोंगरावरची लिफ्ट बंद असली
तरी खारी हवा जिने चढून येते,
चार्जरच्या भोकात शिरते,
आणि तांब्यावर हिरवं चढतं.
उरलेलं काम भूकंपाचं. तो टेबलं हलवतो, माणसं नंतर.

हा बघा, ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेला.
पडला की वाकतो. कोपऱ्याला पोचा येतो,
पण पोच्यासकट वर्षानुवर्षं चालतो,
थोडा तिरका बंद होतो, इतकंच.

हा कार्बन फायबरचा, वहीएवढा हलका.
मोडेन पण वाकणार नाही, असला स्वभाव.
मोडला एकदा, वकिलीणबाईंचा, पायरीवर;
कडेने काळे धागे बाहेर आले
आणि बाईंच्या रेशमी बाहीत अडकले.

हा मॅग्नेशियमचा. काळा, जाड, रूपाने बेताचा.
बंदरावरच्या क्रेनवाल्या बाल्दोमेरोने
याच्यावर अख्खा कप कॉफी सांडली.
कीबोर्डातून शिरली, पोटाखालच्या भोकांतून निघून गेली.
मी म्हटलं, बाल्दो, याला मूत्रपिंडं आहेत.

आणि हा सगळ्यांत महाग. एकही स्क्रू दिसत नाही.
सगळं डिंकाने. उघडायचा तर शेकावा लागतो,
आणि शेकताना मी श्वास धरून असते.
एकाची बॅटरी आतल्या आत फुगली,
भट्टीतल्या पावासारखी,
बाहेरून मात्र शेवटपर्यंत देखणा.

एप्रिलात ओतिलिया बार्रियेंतोस आली.
पिशवीत नवऱ्याचा लॅपटॉप, तेरा वर्षांचा, प्लॅस्टिकचा,
आणि माशाचा एक डबा, न उघडलेला.
निबाल्दो भरती-ओहोटीचे तक्ते लिहायचा.
बिजागरी सैल, झाकण मागे पडायचं,
म्हणून मागे हा डबा लावायचा.
"आता नवा घ्यायचाय," ती म्हणाली. "टिकेल असा."

मी चारही ओळीने मांडले.
पहिल्यांदाच कुणाला सगळं सांगितलं,
पोचा, धागे, कॉफी, डिंक, काही न लपवता.
तिने ऐकलं. मग प्रत्येकाचं झाकण उघडलं
आणि मागे डबा ठेवून पाहिला.
एकाचंही झाकण डब्याला टेकेना.
"हे सगळे आपापले उभे राहतात," ती म्हणाली,
आणि पिशवीची नाडी उगाच बोटाला गुंडाळत राहिली.

"बरं, जुना निदान साफ करून दे."

रात्री उघडला. आत मिठाची साय.
बिजागरीचा एक स्क्रू कधीच पडून गेलेला,
त्या जागी गळाची तार,
अकरा वेढे, शेवटचं टोक आत वळवलेलं
म्हणजे उघडणाऱ्याच्या बोटाला लागू नये.
उघडणारा म्हणजे कोण? मीच की.
कुठल्याच कंपनीने माझ्या बोटाचा विचार केलेला नाही.

स्क्रू माझ्याकडे होता, नेमका त्याच मापाचा.
डबीत परत टाकला.

ती लॅपटॉप घेऊन गेली, डबा विसरली.
की ठेवून गेली, ठाऊक नाही; विचारायचं राहिलंय.
तो इथेच आहे, सोल्डरच्या रिळाशेजारी.
तारीख केव्हाच उलटली, तरी फुगलेला नाही.
पत्रा पातळ, जोड एकच, वरचा कागद निघालेला.
काल दुकान बंद करताना
मी तो पेराने वाजवून पाहिला.