कव्हर

हर्षदानं पहिल्या पगारातनं फोन पाठवला, होसूरहून.
काळा, गुळगुळीत, साबणाच्या ओल्या वडीसारखा.
म्हटलं, निसटणार हा.
आपला हात तेलाचा, एकतीस वर्षं लेथवरचा.

सोमवारी सुट्टी. उद्यमनगर गप्प.
एकट्यानंच शेड उघडली,
ॲल्युमिनियमचा तुकडा घेतला,
कॅमेऱ्याला खिडकी, चार्जरला दार,
कडा घासून घासून बोटाला गोड केल्या,
पाठीवर बारीक 'ह' कोरला.
बसवलं तेव्हा टक् वाजलं.
केसाचंसुद्धा अंतर नाही.

त्या रात्रीपासून रेंज गेली.

घरात एक काडी, तीही फडताळापाशी.
गच्चीत दोन, टाकीला टेकून मान वाकडी केली तर.
वायफाय टीव्हीच्या मांडीवर बसल्यासारखं,
चार पावलं लांब गेलं की गोल गोल फिरायचं.
"बाबा, आज आमच्या... मग ते साहेब... सगळ्यांसमोर..."
मधलं काही नाहीच.
मी हसायचो, अंदाजानं.
"काय म्हणत होती?" शैला विचारायची.
"बरी आहे."

कंपनीला शिव्या दिल्या, टॉवरला दिल्या,
सीम बदललं.
जुना बटणांचा फोन कपाटातनं बघत होता.

राजारामपुरीतल्या दुकानात
पोरानं नखानं कव्हर उचकटलं
आणि चार काड्या उभ्या राहिल्या,
मास्तर वर्गात आल्यासारख्या.
"काका, धातूय हे. आत काय जात नाही, बाहेर काय येत नाही.
काम मात्र एक नंबर. कुणी केलं?"
"मिळालं असंच," म्हटलं.

तिथंच, रिक्षांच्या कडेला, लावला तिला.
आवाज कानाच्या आत.
तिच्या खोलीतला पंखा, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी,
आणि नाक ओढल्याचं.
"रडत होतीस?"
"नाही बाबा. सर्दी."

बेअरिंग जायला लागलं की आधी आवाज बदलतो,
हात लावायचीही गरज नसते.
तीन आठवडे तुटत तुटत हेच येत असणार
आणि मी
गच्चीवर उभा राहून हसत होतो.

"बोल," म्हटलं, "आता येतंय."

ती लगेच बोलली नाही.
कव्हर खिशात होतं. मुठीत धरलं.
अजून गरम,
बरोब्बर मापाचं,
रिकामं.