पड ठेवलेली जागा

कुहमोच्या पलीकडे, रशियाच्या हद्दीआधीची शेवटची लाकूडगिरणी.
उणे सत्तावीस.
डिस्क मी कोटाच्या आतल्या खिशात घालून आणलेली,
बिस्किटाच्या पुड्याहून हलकी.

ओस्मो दारातच उभा. हातमोजे न काढता म्हणाला,
"कालपासून खरखरतेय."
चोवीस वर्षांची हार्डडिस्क, तिच्यावर विंडोज अठ्ठ्याण्णव,
तिच्यात तो प्रोग्राम, जो ओंडक्याचा घेर मोजतो
आणि करवतीला सांगतो, इथून चीर.
प्रोग्राम लिहिणारा कालेर्वो केव्हाच गेला.
म्हणजे वारला नाही, ओउलूला गेला,
कुत्र्यांची शाळा काढली, फोन उचलत नाही.
नवा प्रोग्राम हवा तर नवी करवत घ्यावी लागते.
नवी करवत हवी तर जंगल विकावं लागतं.
मग चिरायचं काय?

म्हणून मी.
दोघांच्या मध्ये नखाएवढा दुभाष्या बसवला,
एका अंगाला चाळीस पिना, दुसऱ्या अंगाला सात.
म्हाताऱ्यानं विचारलं, डोकी किती? कप्पे किती?
जिला डोकं नाही, जी फिरत नाही,
तिच्या वतीनं उत्तर गेलं: सोळा डोकी, त्रेसष्ट कप्पे.
त्याला ऐकायची सवय होती तेच.
मीही आईला फोनवर असंच सांगते,
हो, जेवले. हो, टोपी घातली.

त्याची मांडणी त्रेसष्टाव्या घरापासून. जुनी खोड.
नवीची घरं आठाआठाची,
म्हणजे प्रत्येक नोंद दोन उंबऱ्यांवर एकेक पाय ठेवून उभी.
लिहायचं एक, झिजायचं दोनदा.
मी त्याला एकच घर पुढे सरकवलं, चौसष्टावर.
त्याला कळलंही नाही.

पण विसरण्याचं काय करायचं?
म्हातारा विसरतो तेव्हा कुणाला सांगत नाही.
वहीतलं नाव खोडतो, सामान तसंच.
जुनीला त्याचं काही नव्हतं, ती वरूनच लिहायची.
नवीला सांगावं लागतं: हे गेलं, हे आता सोड.
नाही सांगितलं तर ती जपत बसते,
मागच्या मंगळवारचे ओंडके,
स्वीडनची रद्द झालेली ऑर्डर,
इकडून तिकडे उचलून ठेवते, तिकडून इकडे,
आणि त्यातच संपते.

पाचशे गिगाबाइट.
म्हाताऱ्याला एकशे सदतीसच्या पुढे दिसतच नाही.
मी तेवढेही दिले नाहीत. आठ दिले.
बाकी सगळी पड.
नाव नाही, हद्द नाही, कुणी तिथे काही मागणार नाही,
थकलेल्या घराला पाठ टेकायची झाली तर तेवढी जागा.

ओस्मोनं बिल पाहिलं.
"एवढे पैसे मोकळ्या जागेचे?"
त्याच्या मागे खिडकीत त्याचंच रान,
दहा वर्षांपूर्वी कापलेलं,
बर्फातून कमरेएवढ्या पाइनांचे नुसते शेंडे.
मी तिकडे पाहिलं.
त्यानंही पाहिलं, आणि पाकीट काढलं.

दोन वाजता यंत्र सुरू केलं.
खरखर नाही, टकटक नाही, काहीच नाही.
ओस्मो वाकला, पेटीला कान लावला.
"मेलं?"
"नाही."
पडद्यावर आकडा: एकशे चार.
तो बाहेर गेला. टेप गुंडाळून ओंडका स्वतः मोजला.
एकशे चार.
काही बोलला नाही. पुढच्या ओंडक्याकडे गेला.

मी गाडी सुरू केली तेव्हा
तो सातव्यावर होता.