कोरा नमुना

तुर्कूच्या प्रयोगशाळेत रात्रपाळीला आम्ही दोघंच,
मी आणि ते यंत्र.
ते माझ्यापेक्षा कमी बोलतं.
बाहेर औरा नदी गोठलेली, तिच्यावर कुणाची तरी सायकल आडवी.
साडेतीनला सूर्य मावळला होता. आता पुन्हा साडेतीन वाजत आलेत.

काम साधं आहे.
ट्रकचालकांची, कैद्यांची, कोर्टात भांडणाऱ्या आईबापांची लघवी
इवल्याशा कुप्यांत येते. नाव नाही, नुसता आकडा.
मी ती गाळते, थेंबभर नळीत सोडते,
आत रेणू फुटतात, तुकड्यांचं वजन होतं,
आणि पडद्यावरच्या सपाट माळावर
एखादी टेकडी उगवते,
किंवा नाही उगवत.
टेकडी म्हणजे कुणाचा परवाना गेला,
कुणाचं मूल शनिवारपुरतं उरलं.

पण आधी एक कोरा नमुना लागतो,
ज्यात काहीच नाही असा.
काही नाही म्हणजे काय, हे यंत्रालाही शिकवावं लागतं.
इर्मेली लेह्तोवुओरी, आमची प्रमुख, म्हणाली,
तूच दे ना. तुझ्याइतकं निर्व्यसनी
या मजल्यावर आहे कोण?
खरंच आहे. मी कॉफीसुद्धा पातळ पिते.

दिला.
टेकडी आली.

टेकडी कसली, वारूळ म्हणा. पण नेमकं त्याच जागी,
जिथे भेकाच्या कातडीतलं ते द्रव्य यायला हवं,
ज्यानं माणसाला भिंती श्वास घेताना दिसतात.
मी आधी काचेवर संशय घेतला.
मग पाण्यावर, मग द्रावकाच्या नव्या बाटलीवर,
मग आदल्या रात्रीच्या मशरूम सूपवर.
तीन दिवस नुसते उकडलेले बटाटे आणि मीठ.
चौथ्या दिवशी
वारूळ होतं तिथेच.

इर्मेली हसली. कपाटातून स्वतःचा कागद काढून दाखवला,
तिचंही वारूळ, माझ्याहून जरा उंच.
म्हणाली, सगळ्यांच्यात असतं गं.
पूर्वीच्या यंत्रांना दिसायचं नाही, एवढंच.

म्हणजे आपण प्रत्येक जण
आत कुठेतरी एक हातभट्टी चालवतो,
परवाना नाही, पाटी नाही, गिऱ्हाईक एकच.
थेंब थेंब पाडतो, आपल्यालाच पाजतो,
आणि वर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो.
याचा पंचनामा कोण करणार?
पंच म्हणून बोलवायला
कोरा माणूस कुठून आणायचा?

म्हणून एक रेषा आखलेली आहे.
तिच्या खाली जे येतं
त्यापुढे मी लिहिते, आढळले नाही.
आढळलं तरी.
आज क्रमांक बावीसशे सातपुढे तसंच लिहिलं,
सही केली, तारीख घातली.
तो माणूस उद्या ट्रक घेऊन उत्तरेला जाईल,
आपल्याबद्दल काय लपवलं गेलं हे न कळता.

खालच्या फ्रीजरमध्ये, उणे ऐंशीला,
एक्केचाळीस क्रमांकाची कुपी आहे.
दोन वर्षांपूर्वी कोऱ्या नमुन्यांसाठी माणसं कमी पडत होती
तेव्हा ताउनोनं दिली होती, कुरकुरत,
लग्नाच्या वाढदिवसाला हे काय मागतेस म्हणत.
तो आकडा कुणाचा, हे फक्त मला माहीत आहे.
मेमध्ये तो गेला. शेवटच्या आठवड्यात
रुग्णालयानं दिलेलं मॉर्फिन किती
आणि त्याच्या देहानं घरचं म्हणून घातलेलं किती,
हे वेगळं काढता येत नाही.
मी विचारलं होतं.

पण ही कुपी त्याआधीची.
हिच्यात जे असेल ते फक्त त्याचं.
ज्या संध्याकाळी तो उगाचच शीळ घालत भांडी विसळायचा,
त्याचं काही कारण असेल तर ते इथे असेल,
वारुळाएवढं.

मोजा काढल्यासारखा हातमोजा उलटा काढला
आणि कुपी उघड्या मुठीत धरली.
बोटं चिकटली. मग कडेचा बर्फ
पाण्यासारखा दिसायला लागला.

एकदा वितळलेला नमुना नियमाप्रमाणे बाद होतो.
मी घाईघाईनं ती परत ठेवली,
नोंदवहीत काही लिहिलं नाही,
आणि पुढचा आकडा यंत्रात भरला.