फट

एलेउतेरिओनं लिलीची कुंडी
मला वर आणून दिली,
मांजराला विष असते म्हणाला.
पडद्याच्या दोऱ्या उंच बांधल्या,
खिडकीला मासेमारीचं जुनं जाळं ठोकलं,
अजून खारट वास येणारं.
चाळीस वर्षं बंदरातल्या क्रेनवर बसून
एक खोकं पाडलं नव्हतं त्यानं;
घरातली भोकं बुजवताना मात्र
अंगठ्यावर हातोडा, दोनदा.

आणायची होती पांढरी, लहानशी.
तिथे सगळी पिल्लं गजांपाशी धावत आली.
एक राखाडी, फाटक्या कानाची,
पाठ करून बसली ती बसलीच.
"हीच," तो म्हणाला,
"हिला थापा मारता येत नाहीत."

वाल्पराइसोचा चढ
टोपली छातीशी धरून तो पायीच चढला,
टेकडीची लिफ्ट फार खडखडते म्हणून.
वाटेत तीनदा थांबला.
मी खिडकीतून मोजलं.

आणि दार लावतोय तोवर
ती चुलीमागच्या फटीत.
तेवढी एकच राहिली होती.

आता मध्यरात्र उलटून गेलीय.
खालून त्याचा आवाज येतोय,
जमिनीला गाल टेकल्यासारखा दबका:
तो तिला जहाजांची नावं सांगतोय,
एकेक, सावकाश,
काचसामान उतरवावं तशी.